दोन पिवळे दिवे

मला गाडी चालवायला नवऱ्यानं शिकवलं, आणि शिकवताना इतकं बोलले की दुसरी कुणी असती तर चावी तोंडावर फेकून माहेरी निघून गेली असती. मी गेले नाही, कारण गाडी मलाच चालवावी लागणार होती. त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना राणीसावरगावहून परभणीला न्यायचं, डायलिसिसच्या मशीनवर घालायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. एसटीत त्यांना बसवत नव्हतं. दारात त्यांचीच जुनी कार उभी होती. ज्या माणसानं अर्धं आयुष्य गंगाखेडच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली, टपावर माणसं बसवून चालवली, त्याच्यावर बायकोच्या शेजारी बसून जायची वेळ आली. मग तोंड चालणारच की.

"अगं क्लच हाय त्यो, पायपुसणं न्हाई," असं म्हणायचे. मी म्हणायचे, "मग या हिकडं, बसा तुमीच." हात सुजलेला, सुया टोचून टोचून नस फुगलेली, ते काय बसणार. आमचं भांडण हे असंच अर्ध्यात सुटायचं.

मी सांगतेय त्या दिवसाच्या आधीची डायलिसिसची एक पाळी त्यांनी चुकवली होती. चुकवली म्हणजे मुद्दाम चुकवली. मी डबा भरला होता, गाडी पुसून दारात लावली होती, चावी हातात घेऊन उभी होते. हे बाजेवर बसून म्हणाले, "मी यायचा न्हाई." मला वाटलं चेष्टा करायलेत. तर म्हणाले, "एक दिस मशीन मारतंय, एक दिस जरा बरं वाटतंय, की पुन्यांदा मशीन हायेच. बास झालं. आता मला ऱ्हाऊ दे." मी ओरडले, रडले, शेजाऱ्यांना बोलावते म्हणले. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. एवढा धिप्पाड माणूस, उचलून तर नेता येत नाही. ती पाळी तशीच गेली.

पाळी चुकली की काय होतं हे डॉक्टरांनी मला अगदी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. लघवी होत नाही, म्हणजे प्यालेलं पाणी अंगातच राहतं. आधी पायात उतरतं, मग छातीत चढतं. एखादी पाळी गेली तर निभावेल, लागोपाठ दुसरी गेली तर माणूस हाती लागायचा नाही. आणि दुसऱ्या पाळीच्या सकाळी यांचे पाय सुजून चपला घालता येईनात, आणि आडवं झालं की दम कोंडायचा. भिंतीला पाठ टेकून बसले होते. एक वाक्य बोलायला दोनदा थांबत होते.

गाडीत बसले ते माझ्या धाकानं, मनानं नाही. बसताना अट घातली. "वाटंत गाडीत काय बी खोट निघाली तर मागं फिरायचं. मग मला पुन्हा इचारायचं न्हाई." मी हो म्हणले. हो म्हणायला माझं काय जात होतं? आधी दार तर लागू दे.

परतीच्या पावसाचे दिवस होते आणि सोयाबीन काढायची सगळ्यांची घाई चालली होती. ट्रॅक्टर शेतातून वर यायचे आणि चाकाला धरलेली काळी माती डांबरावर सोडत जायचे. वरून भुरभुर चालूच. आमची माती कोरडी असली तर दगड, ओली झाली की लोणी. मी हळूच चालले होते. गाव मागं पडून थोडाच वेळ झाला असेल, एका वळणावर समोर दोन पिवळे दिवे लागले. एक गोल कडीत एबीएस अशी अक्षरं असलेला. दुसऱ्यात गाडीचं चित्र आणि तिच्या मागं वेड्यावाकड्या दोन रेघा, पिऊन सायकल चालवल्यासारख्या. मी चटकन यांच्याकडं बघितलं. वाटलं, डोळे मिटलेले असले तर बरं. डोळे उघडे होते.

"लागला दिवा," ते म्हणाले. त्या आवाजात समाधान होतं. ते समाधान मला अजून ऐकू येतं आणि अजून राग येतो.

"दिवाच हाय. गाडी चालायलीय न्हवं?"

"ब्रेकचा दिवा हाय त्यो. ब्रेकासंगं खेळू न्हाई. घे मागं."

"जन्मभर हँडब्रेक नसलेल्या जिपा हाकल्या तुमी. आज लगेच कायदा आठवला का?"

हसले नाहीत. एरवी हसले असते. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, जरा दम खाऊन पुन्हा चालू केली. चावी फिरवल्यावर सगळेच दिवे लागतात आणि एकेक विझतात, तसे विझले. हे दोन्हीही विझले. माझा जीव भांड्यात पडला. गाडी पुढं काढली, चार झाडं मागं गेली नाहीत तर दोन्ही पुन्हा हजर. मग यांनी स्वतःच हात लांब करून एक बटण दाबलं. त्यावर तेच घसरत्या गाडीचं चित्र होतं, म्हणून त्यांना वाटलं, दिवा बंद करायचं बटण. त्यानं समोर 'ऑफ' असा आणखी एक दिवा लागला. "घे. आता तर गाडीच म्हणायलीय, बंद," ते म्हणाले आणि मागं टेकून डोळे मिटून घेतले. त्या बटणानं दिवा जात नाही, गाडी घसरायला लागली तर सावरणारी जी सोय असते ती जाते, हे आम्हाला दोघांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्या हातानंच राहिलंसाहिलं घालवलं असं मला वाटलं. मी तेच बटण पुन्हा दाबलं. तिसरा दिवा गेला. पहिले दोन तसेच राहिले.

"मागं घे. शब्द दिला होतास."

"गंगाखेडात दाखवते. मग बघू."

गंगाखेड आमच्या वाटेवरच. तिथपर्यंत नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी कान त्या श्वासाकडं लावून चालवत होते. आत जाताना घरघर, बाहेर येताना बारीक शिट्टी. मला ब्रेकची भीती होती आणि ह्या आवाजाची होती, आणि दोन्हीतलं कुठलं मोठं हे ठरवायला वेळ नव्हता.

गंगाखेडच्या अलीकडं रस्त्यालाच एक गॅरेज होतं. मिस्त्री नाश्ता करत बसला होता. त्यानं खिडकीतूनच दिवे बघितले आणि म्हणाला, "बॅटरीची तार काढून लावली की जातेत." बॉनेट उघडलं, तार काढली, हातातला वडापाव संपवला, तार लावली. दिवे गेले. मी गाडी रस्त्यावर काढली, पुढच्या फाट्यापर्यंत नेली, आणि तिथं ते पुन्हा लागले. परत आले. तो डोकं खाजवत म्हणाला, "सेन्सरचं काम हाय, हितं न्हाई व्हायचं. दिवा नडत आसंल तर वरून काळी पट्टी लावून देतो, मग काय दिसायचंच न्हाई."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "आरं दादा, मला दिवा दिसतोय म्हणून मी आले का तुझ्याकडं? ह्या माणसाला परभणीला न्यायचंय. ब्रेक लागतोय का न्हाई तेवढं सांग. डोळे झाकायला मला घरी पदर होता."

तो जरा वरमला. गाडीत वाकून त्यानं यांच्याकडं बघितलं, ह्यांचा रंग बघितला, आणि जॅक घेऊन आला. ब्रेकचं तेल बघितलं, ते भरलेलं होतं. समोरचं डावं चाक काढलं, आत हात घातला आणि थांबला. मग कुणाच्या घरातलं झाकलेलं उघडं पडल्यासारखं हळूच म्हणाला, "ताई, हे बघा."

काळा दोरा होता. त्यात बिब्बा ओवलेला, वाळून कोळसा झालेलं लिंबू, गाठी मारलेल्या. चाकाच्या आतल्या बाजूला सेन्सरची एक बारीक काळी तार जाते, तिलाच तो बांधला होता. नजरेचा दोरा दिसू नये म्हणून काळ्याला काळं बघून बांधलेला. दोऱ्याचं एक टोक सुटून फिरत्या दांड्याला गुंडाळलं होतं आणि त्यानं ती तार ओढून ओढून तोडत आणली होती. एका धाग्यावर लोंबत होती. म्हणून कधी दिवा जायचा, कधी यायचा. ती गाठ मी ओळखली. आमच्या घरात भोपळ्याच्या वेलालाही तशीच गाठ असते.

मी तिथूनच घरी फोन लावला. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. "आत्याबाई, गाडीच्या चाकाला काय बांधलंत तुमी?"

"बांधलंय. मग?"

"मग काय मग. ब्रेकची तार तुटली त्यानं. माणूस मारायचा होता का?"

म्हातारी म्हणाली, "त्येच्यासाठी न्हवता गं बांधला. त्यो काय, बसूनच जातोय. चालवती तू. लोक तुझ्याकडं बघतेत, मला दिसतंय न्हवं."

"ठेवते," एवढंच म्हणून मी फोन बंद केला. गाडीतून हे बघत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं आता आईवर चिडतील, निदान एक शिवी तरी देतील. ते म्हणाले, "मायनंच बांधला तर मग. बघ. देवाच्या बी मनात न्हाई. चल घरी."

मिस्त्रीनं दोरा कापून काढला, तार सांधून बघितली, टिकली नाही. ती त्यानं चाकात येणार नाही अशी वर खोचून ठेवली. रबरी नळी चाचपून बघितली, ती धड होती. मग तो मला नीट सांगायला लागला, आणि मी नीट ऐकायला लागले, कारण आता यावरच सगळं होतं. पिवळे दिवे म्हणजे साधा ब्रेक चालू आहे. त्यांच्या जोडीला लाल दिवा लागला तर मात्र असेल तिथं थांबायचं, पुढं एक पाऊल न्यायचं नाही. एबीएस काय करतं, तर आपण घाबरून जोरात ब्रेक दाबला तरी चाक पूर्ण जाम होऊ देत नाही, पटपट धरतं आणि सोडतं, म्हणून स्टेअरिंग ऐकतं. ते आता करणारं कुणी नाही. आणि दुसरं, गाडी बाजूला जायला लागली की जे सावरतं, तेही याच सेन्सरवर चालतं, म्हणून दोन्ही दिवे एकदम लागले. परभणीत नवा सेन्सर टाकतील, कॉम्प्युटर लावून आतली जुनी चूक पुसतील, जरा पळवून बघतील, मग दिवे आपोआप जातील. आधी नुसतं पुसून उपयोग नाही, तार तुटली आहे तोवर दिवा लागतच राहणार. "हळू जावा. फकस्त जोरात दाबू नका," तो म्हणाला. आणि पट्टीचं मनावर घेऊ नका असंही म्हणाला.

मी गाडीत बसले. हे म्हणाले, "अट."

"अट मोडली मी. काय करायचं ते करा."

"लबाड हायस."

"हाय. पट्टा लावा."

पट्टा लावायला त्यांचे हात वर होईनात, मीच लावला. गोदावरीचा पूल ओलांडला. पुढं रस्ता सरळ होता पण माती तशीच. मी दुसऱ्याच्या लेकराला अंघोळ घालावी तसं जपून चालवत होते. मागून ट्रक हॉर्न मारत होते, मारू दे. यांची मान हळूहळू खिडकीकडं कलंडत होती. "झोपू नका," मी म्हणायचे. ते "हं" म्हणायचे. मग "हं" म्हणायचंही थांबलं. मी म्हणले, "अहो, क्लच कसा दाबू सांगा की." उत्तर नाही. मी म्हणले, "मी चुकीच्या गिअरात हाय, बघा तरी." काहीच नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली. हा माणूस माझी चूक काढायची सोडतोय म्हणजे जायलाच निघालाय. आणि भीती वाटली तसा माझा पाय ॲक्सिलरेटरवर जड झाला. मला कळलंसुद्धा नाही.

डाव्या हाताला बांधावरून मेंढरं वर आली. एकदम. आधी एक, मग सगळी, पांढरी काळी, अख्खा रस्ता भरून. माझा पाय ब्रेकवर पडला तो सगळ्या अंगाचा भार घेऊन पडला. खालून कर्र असा आवाज आला आणि मग आवाजच बंद झाला. गाडी थांबली नाही, वाहायला लागली. मी स्टेअरिंग उजवीकडं ओढलं, गाडी सरळच चालली, मेंढरांकडं. स्टेअरिंग हातात होतं आणि गाडी माझी नव्हती.

"सोड."

मला वाटलं भास झाला.

"पाय सोड, रांडे, ब्रेक सोड."

समोर जिवंत मेंढरं, आणि ब्रेक सोडायचा? माझं अंग नको म्हणत होतं. पण तो आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला होता, जीप भरलेली असताना, उतारावर, सगळी माणसं गप्प असताना. मी पाय उचलला. चाकं पुन्हा फिरली, स्टेअरिंगला हिसका बसला आणि गाडीनं तोंड फिरवलं.

"दाब. सोड. दाब. आता सोड. हां. दाब."

ते म्हणत गेले, मी करत गेले. जे काम त्या तुटलेल्या तारेचं होतं ते हा माणूस तोंडानं करत होता, आणि मी पायानं. गाडी हिसके खात, उजव्या कडेला सरकत, बाभळीच्या बुंध्याच्या अलीकडं थांबली आणि बंद पडली. मेंढरं पलीकडून वाहत गेली. एकालाही लागलं नव्हतं.

एक बाई काठी घेऊन आली. डोक्यावर पोत्याची खोळ. बॉनेटवर काठी आपटून म्हणाली, "बाई, मेंढरं हायती ही, दिसत न्हाईत व्हय?" मग तिनं यांच्याकडं बघितलं. काठी खाली केली. "पाव्हण्याला बरं न्हाई वाटतं," म्हणाली, आणि मागं वळून मेंढरांवर ओरडत रस्ता मोकळा करायला लागली.

मी स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडायला लागले. आवाज करून. मला त्यांची लाज नव्हती, त्या बाईची नव्हती, कुणाचीच नव्हती. मला नाही जमत, मला नाही जमत, असं काहीतरी मी म्हणत होते. चला मागं, तुमचंच खरं, चला घरी, असंसुद्धा म्हणले. तेही मी म्हणले, खोटं कशाला सांगू.

त्यांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले होते आणि तोंड उघडून श्वास ओढत होते. कपाळावर घाम होता. मग एकेक शब्द सोडवत म्हणाले, "रडणं... नंतर. गाडी काढ. उशीर झाला तर... मशीन दुसऱ्याला देऊन टाकतील."

मी डोकं वर केलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते.

"पहिल्या गिअरात उचल," म्हणाले. "आन् लांबूनच पाय ठेवत चल ब्रेकवर. मी सांगतो."

परभणीपर्यंत ते सांगत राहिले. प्रत्येक बैलगाडीला, प्रत्येक ऑटोला. दम पुरत नव्हता तरी सांगत राहिले. मी मधेच म्हणले, "बोलू नका, श्वास जातोय," तर म्हणाले, "तू पुढं बघ."

दवाखान्यात चाकाची खुर्ची आणायला मी वळले, तोवर हे दाराला धरून उतरले होते. सुजलेल्या अनवाणी पायांनी भिंतीला हात लावत आत चालत गेले. सिस्टरनं काट्यावर उभं केलं, वजन बघितलं आणि तिचा आवाज चढला. "एवढं पाणी? मागच्या पाळीला का आला नाहीत तुम्ही?"

त्यांनी खाली मान घातली. "गाडी नादुरुस्त होती," म्हणाले. "आता करून घ्यायलोत. पुन्हा न्हाई व्हायचं तसं."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं.

"हो," मी म्हणले. "गाडीच नादुरुस्त होती."